दुहेरी अवतरणातला गुलाब

घर पाडायला अडीच महिने उरले असताना आत्याचा फोन आला. "सामानाचं मी बघते, तू तेवढं गुलाबाचं बघ."

तिच्या परसातल्या त्या गुलाबाचं वय कुणालाच सांगता येत नव्हतं. आत्या लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा तो होताच, आणि तिच्या सासूबाईंनीही "मी आले तेव्हा होताच की" एवढंच सांगितलं होतं. नाव विचारलं तर "गुलाब". रंग विचारला तर "लाल". मी दोन-चारदा पाहिला होता, पण तो लाल असल्याचं मला काही आठवत नव्हतं. म्हटलं, आपल्याच लक्षात नसेल.

मुळासकट उचलायचा विचार पहिल्या भेटीतच सोडला. खोड मनगटाएवढं जाड, सालीवर भेगा, आणि अर्धं अंग भिंतीच्या पायाला चिकटलेलं. मुळं फरशीखाली कुठवर गेली होती ते देव जाणे. एवढं जुनं झाड उपटायचं तर मुळं तुटतात आणि वरचा पसारा तेवढाच राहतो. तेव्हा कलमं करून न्यायची, असं ठरलं.

मी झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या. वर करड्या, वाकड्यातिकड्या, काडीएवढ्या बारीक फांद्या होत्या आणि त्यावर त्या दिवशी दोनच फिकट फुलं. बुंध्यातून मात्र चार सरळसोट फांद्या वर आल्या होत्या. हिरव्यागार, रसरशीत, माझ्या अंगठ्याएवढ्या जाड. मला वाटलं, झाड म्हातारं असलं तरी खालून पुन्हा तरुण होतंय. त्या चार फांद्यांपासून मी बारा छाट कलमं घेतली. पेन्सिलीएवढी लांबी, प्रत्येकावर चार डोळे, म्हणजे पानाच्या बगलेतले अंकुर, खालचा काप बरोबर डोळ्याखाली, वरची दोन पानं ठेवून बाकीची काढलेली, टोकाला मुळं फुटायचं संजीवक लावलेलं. वाळू आणि कोकोपीट निम्मंनिम्मं, वर प्लॅस्टिकचं झाकण. वरच्या काटकुळ्या फांद्यांच्या आठ काड्याही घेतल्या, पण त्या आपल्या घ्यायच्या म्हणून.

आत्याला तेवढ्यानं समाधान नव्हतं. "ती गुटी का काय म्हणतात ती पण बांध ना. काड्यांचा काय भरवसा?" गुटी म्हणजे झाडावरच्याच फांदीची थोडी साल काढून तिथं ओलं शेवाळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचं आणि मुळं फुटायची वाट बघायची. म्हणून तीन गुट्याही बांधल्या, वरच्या फांद्यांवर, केवळ तिच्या मनाखातर.

पाच आठवड्यांनी बारापैकी अकरा कलमांना मुळं आली. कुंडीच्या तळाच्या भोकातून पांढरी टोकं डोकावायला लागली तेव्हा मी स्वतःवर भलतीच खूश होते. वरच्या आठ काड्यांची मात्र रया गेली. सात खालून काळ्या पडल्या, कारण मी पाणी जास्त घालत होते. आठवीला सुंदर लालसर पालवी फुटली. मी रोज तिच्याकडे बघून हरखत होते आणि तीन आठवड्यांनी ती एका दुपारीत मान टाकून मोकळी झाली. उपटून पाहिली तर मुळाचा पत्ता नाही, नुसती खाली पांढरट गाठ. काडीत साठलेल्या अन्नावर पालवी फुटते, ते संपलं की खेळ खलास. पालवी म्हणजे मुळं नव्हेत, हे मी तेव्हा शिकले.

गुट्यांची कथा वेगळी. पहिली मी इतकी ढिली बांधली होती की शेवाळ सुकून तिचा भुगा झाला. दुसरी उघडून पाहिली तर आत साल पुन्हा जुळून आलेली! इंचभर साल काढल्यावर खाली जो हिरवट बुळबुळीत थर असतो, तो चाकूच्या पाठीनं खरवडून काढावा लागतो. तो राहिला तर झाड ती जखम भरून घेतं आणि मुळं काढायचं त्याला कारणच उरत नाही. तिसरीला नवव्या आठवड्यात मुळं दिसली. प्लॅस्टिकला आतून टेकलेल्या, शेवयांसारख्या बारीक. घर पडायच्या सहा दिवस आधी मी ती फांदी कापून आणली, निम्मी पानं काढली, सावलीत ठेवली आणि जवळजवळ विसरले. अकरा दणकट रोपं असताना त्या एका किडमिड्या फांदीचं कौतुक कुणाला?

अकरातली चार मी ऐटीत वाटली. "आत्याच्या सासरचा गुलाब आहे, शंभर वर्षांचा असेल." शंभर हा आकडा माझाच.

वर्ष-सव्वा वर्षानं त्या रोपांना कळ्या आल्या. बारीक, मिरीएवढ्या, घोसच्या घोस. उमलल्या तेव्हा पाच पाकळ्यांची पांढरी साधी फुलं, रुपयाएवढी. मी कुंडीसमोर बसून राहिले. मग मुकाट्यानं एक पान तोडून उजेडात धरलं. गुलाबाच्या पानाच्या देठाशी, जिथं ते फांदीला चिकटतं तिथं, दोन बाजूंना छोट्या पंखांसारखे भाग असतात. या पानाच्या त्या पंखांना कंगव्यासारखी बारीक झालर होती. ही बहुपुष्पी गुलाबाची, म्हणजे रोझा मल्टिफ्लोराची, खूण. या रानगुलाबावर जगभर गुलाबाचे डोळे भरले जातात, म्हणजे याच्या खोडात हव्या त्या गुलाबाचा डोळा बसवतात. खाली मुळं देणाऱ्या अशा झाडाला खुंट म्हणतात. मी मोठ्या कौतुकानं वाढवला होता तो खुंट.

बुंध्यातून येणाऱ्या त्या रसरशीत फांद्या म्हणजे खुंटाचे फुटवे होते. त्यांची पानंही वेगळी होती. एका पानात सात-नऊ पर्णिका, म्हणजे छोटी पानं, फिकट, मऊ. वरच्या फांद्यांना तीन किंवा पाच, गुळगुळीत, टोकदार. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत होतं, मी बघितलं नाही. एका जुन्या माळीकाकांना सांगितलं तर ते हसले नाहीत, एवढंच म्हणाले, "जी फांदी फूल देते, तिचंच कलम घ्यायचं असतं, बाई."

मग चार फोन. "तुमच्याकडे दिलाय तो आत्याचा गुलाब नाही, खुंट आहे. काढून टाका." तिघांनी काढला. चौथ्या बाई म्हणाल्या, "काढून कशाला टाकू? काय सुरेख फुलतोय. राहू दे की." अजून आहे तो त्यांच्याकडे, सगळी जाळी व्यापून.

त्या फजितीनं मला खुंटाविषयी वाचायला लावलं, आणि मग जुन्या गुलाबांच्या दीर्घायुष्याचं कोडं थोडं उलगडलं. गुलाबाची फांदी काही शंभर वर्षं जगत नाही. ती काही वर्षं फुलते, लाकूड होते, दमते. झाड जगतं ते बुंध्याशी निजलेल्या डोळ्यांतून नवी फांदी काढत राहतं म्हणून. ते झाड स्वतःच्या मुळांवर असेल तर खालून येणारी प्रत्येक फांदी त्याचीच. कलमी असेल तर सांध्याच्या वरून आलेली फांदी गुलाबाची आणि खालून आलेली खुंटाची. मालकाची नजर हटली की खुंट हळूहळू वरच्याला उपाशी मारतो. अमेरिकेत कित्येक जुन्या घरांपुढे गडद लाल गुलाब फुललेला दिसतो, तो बहुतेक वेळा 'डॉ. ह्युई' असतो. तो कुणी हौसेनं लावलेला नसतो, तिथं लावलेल्या गुलाबाचा तो खुंट. पाहुणा केव्हाच मेला, घर खुंटाच्या नावावर.

याची दुसरी बाजू जर्मनीत हिल्डेसहाइमच्या कॅथेड्रलच्या भिंतीवर आहे. तिथला रानगुलाब हजार वर्षांचा म्हणून ओळखला जातो. २२ मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात इमारत कोसळली, वरचं झाड जळालं. पण मुळं ढिगाऱ्याखाली शाबूत होती आणि त्यातून त्याच वसंतात नवे फुटवे आले. आज लोक ज्या फांद्यांचे फोटो काढतात त्या सगळ्या त्या आगीनंतरच्या. हा गुलाब कलमी असता तर खालून भलतंच काही उगवलं असतं. ॲरिझोनातल्या टूम्बस्टोन गावात १८८५ साली लावलेला पांढरा बँक्सिया गुलाब आहे. मांडवावर चढवलेला, आठ हजार चौरस फुटांहून जास्त पसरलेला. त्याला खालून टेकू देणाऱ्या खांबांचा फोटो पाहिला की गुलाब म्हणजे झुडूप ही समजूत गळून पडते.

म्हणून आता माझं मत ठाम झालंय. जुना गुलाब जपायचा तर स्वतःच्या मुळांवर. डोळा भरायचं कसब मोठंच आहे, एका फांदीतून दहा-वीस रोपं होतात, कमजोर जातींना दणकट पाय मिळतात. पण त्यात खुंट रोगट असला तर त्याचा विषाणू डोळ्यात शिरतो. पानांवर पिवळ्या नागमोडी रेघा उमटतात तो मोझॅक असाच पसरत आलाय, एका कलमातून दुसऱ्यात. कात्रीनं तो पसरत नाही, कलमानं पसरतो. आणि एकदा लागला की त्या झाडाची छाट कलमं घेतली तरी सोबत येतो. कलमी रोपच हाताशी असेल तर सांधा मातीखाली दोन-तीन इंच गाडून लावावा. वरच्या भागाला सवडीनं स्वतःची मुळं फुटतात.

हे सगळं वाचून होईपर्यंत मला ती विसरलेली गुटी आठवली. ती मेली नव्हती. शेडनेटखाली एका कोपऱ्यात, वीतभर उंचीची, भुरी लागलेली. आता आत्याच्या गुलाबाचं जगात जे काही शिल्लक होतं ते एवढंच, कारण जुन्या जागेवर तोवर काँक्रीट पडलेलं होतं.

इतकं कळूनही मी आणखी एक घोळ घातला. रोप जोम धरावं म्हणून नेहमीच्या गुलाबासारखी कडक छाटणी केली, वीतभराची चार बोटं केली. ते वर्षभर रुसून बसलं. पुढे कळलं की आजच्या टपोऱ्या गुलाबांना मानवणारी छाटणी सगळ्यांना मानवत नाही. वर्षातून एकदाच फुलणारे जुने गुलाब बहर संपल्यावर छाटायचे, कारण त्यांची पुढची फुलं जुन्या फांदीवर येतात. चिनी वंशाचे गुलाब तर शक्यतो छाटायचेच नाहीत, सुकलेल्या काड्या काढल्या की पुरे. ते आपली फांदी फांदीवर रचत सावकाश वाढतात.

पण हा चिनी वंशाचा हे ओळखायलाही मला वेळ लागला. जुना, गुलाबी, देशोदेशी पसरलेला म्हणजे दमास्कस गुलाब, अशी माझी आपली समजूत. दमास्कसच्या फांद्यांवर दाट काटे, पानं मऊ लव असलेली, वास घर भरून टाकणारा. माझ्या रोपाला काटे मोजके, पानं चकचकीत, कोवळी पालवी तांबूस, वास बेताचा. रदूते या चित्रकारानं १८१७ ते १८२४ या काळात गुलाबांची जी चित्रं छापली ती शेजारी ठेवून मी महिनाभर पानं जुळवत बसले. मग पहिली कळी आली आणि फुलानं बराच खुलासा केला. फिकट गुलाबी, सैलसर, पंचवीसेक पाकळ्यांचं, झुपक्यात येणारं. थांबून थांबून का होईना, पण वर्षभर येत राहणारं.

वर्णन 'ओल्ड ब्लश'शी जुळत होतं. चीनमध्ये त्याला मासिक गुलाबी अशा अर्थाचं नाव आहे, कारण तो महिन्या महिन्याला फुलतो. १७९३ च्या सुमारास तो इंग्लंडमध्ये पार्सन्स नावाच्या गृहस्थाच्या बागेत फुलल्याची नोंद आहे. युरोपातले बहुतेक गुलाब तोवर उन्हाळ्यात एकदा फुलायचे आणि संपायचे. याच्या अंगात फुलणं थांबवणारा जनुक बिघडलेला आहे. डीएनएचा एक उपरा तुकडा मध्ये शिरून बसल्यानं तो काम करत नाही, म्हणून झाड फुलतच राहतं. म्हणजे आजच्या बाराही महिने फुलणाऱ्या गुलाबांचं निम्मं वैभव एका बिघाडावर उभं आहे. रेयुनियन बेटावर, जे तेव्हा बुर्बाँ बेट म्हणून ओळखलं जायचं, कुंपणाला लावलेल्या ओल्ड ब्लश आणि दमास्कसचा आपसूक संकर झाला त्यातून बुर्बाँ गुलाब आले. २०१८ साली गुलाबाचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला तोही ओल्ड ब्लशचाच. १८६७ साली फ्रान्समधल्या ल्यॉनच्या गियो यांनी 'ला फ्रान्स' हा नव्या वळणाचा गुलाब आणला, आणि त्याच्या आधीच्या वंशांना जुने गुलाब म्हणायची रीत पडली. तेव्हा माझ्या कुंडीतला हा किडमिडा जीव बराच जुना निघायची शक्यता होती.

शक्यता. मी पाटीवर 'ओल्ड ब्लश' लिहिलं, दोन दिवसांनी खोडलं. चिनी वंशाचे सारखे दिसणारे गुलाब पुष्कळ आहेत आणि चित्रावरून, वर्णनावरून लावलेलं नाव पुढे पंचवीस जणांकडे जातं. चुकीचं नाव उपटणं खुंटाचे फुटवे उपटण्याहून अवघड. बर्म्युडा बेटांवर याची छान पद्धत आहे. तिथं गुलाबाचे कितीतरी जुने प्रकार नावाशिवाय बागांतून सापडले. तिथल्या रोझ सोसायटीनं, ती १९५४ ची, त्यांना गूढ गुलाब म्हणून बाजूला काढलं आणि ज्या ठिकाणी किंवा ज्यांच्या बागेत सापडले त्यांचं नाव तात्पुरतं दिलं. टेक्सासचे गुलाबवेडेही पडक्या घरांपाशी आणि दफनभूमीत सापडलेल्या झाडांना तसंच नाव देतात. खरं नाव एकेरी अवतरणात लिहायचं, असं सापडीचं नाव दुहेरी अवतरणात. त्या दोन जास्तीच्या टिंबांचा अर्थ, ओळख अजून पटलेली नाही. माझ्या पाटीवर आता आहे: "आत्याच्या परसातला".

पुढची दोन वर्षं मी फक्त कलमं केली. फूल गळून गेलेल्या फांदीचीच, झाडाला एकही फुटवा खालून येत नाही ना हे रोज वाकून बघत. छाट कलमाला माफक ओल, उजेड पण ऊन नाही, आणि मुळं आलीत का हे ओढून बघायचा मोह पूर्ण बंद. आठातली पाच लागली. मोठ्या संग्रहांबद्दल मला आदर आहे. जर्मनीतलं सांगरहाउझेनचं उद्यान १९०३ पासून हजारो जाती सांभाळतंय, पॅरिसजवळ लाय इथं ग्राव्हरो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असाच ध्यास घेतला होता, आणि इंग्लंडात मॉटिसफाँटला ग्रॅहॅम स्टुअर्ट थॉमस यांनी १९७० च्या दशकात जुन्या गुलाबांना भिंतीआड आसरा दिला. पण आत्याचा गुलाब तिथल्या कुठल्या वाफ्यात आहे का, हे सांगायला आधी त्याचं नाव हवं. तोवर तीन घरी तीन रोपं एवढीच सोय. एकाच कुंडीवर विसंबायचं नाही, हे मला गुटीनं शिकवलं. त्या चौथ्या बाईंनाही एक दिलं. त्या म्हणाल्या, "हा पण छान आहे. पण तो पांढरा जास्त फुलतो हं."

आत्याला दाखवायचं मी टाळत होते. शेवटी ती स्वतःच आली, चार दिवस राहायला. आल्या दिवशी सकाळी मी कौतुकानं तिला कुंडीपाशी नेलं. एक फूल नुकतंच उमललं होतं. तिनं चष्मा पुसला, वाकून बघितलं आणि म्हणाली, "अगं, हा तो नव्हे."

माझ्या पोटात खड्डा पडला. पांढरे घोस डोळ्यांपुढे आले.

"नीट बघ ना. पान बघ."

"पानाचं मला काय कळतंय? तो लाल होता. म्हणजे अगदी लाल नाही, पण चांगला गडद. हा पुळचट आहे."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी फक्त कुंडी उचलून शेडनेटखालून बाहेर, भिंतीजवळ उन्हात ठेवली, कारण मला एक आठवलं होतं. बाकीच्या गुलाबांची फुलं उन्हात विटत जातात. चिनी गुलाबांचं उलटं असतं. पाकळीवर ऊन पडेल तसा रंग चढत जातो. सावलीत वाढलेल्या माझ्या रोपाला ती संधी मिळालीच नव्हती. आणि आत्याच्या परसाला दुपारभर ऊन असायचं. ती कामं आटोपून मागच्या पायरीवर बसायची ती संध्याकाळी.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बाहेर खुर्ची टाकून बसली होती. मी आतून चहा घेऊन आले तर ती त्याच फुलाच्या बाहेरच्या पाकळ्या बोटानं वर करून बघत होती. त्या किरमिजी झाल्या होत्या, आत अजून फिकट.

"कडेनं आला की," ती म्हणाली. "आता ही कुंडी इथून हलवू नकोस."